आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: तीनचाकी झुकणाऱ्या स्कूटरमधला इलेक्ट्रिक फॉल्ट कसा शोधायचा

पॅरिसला आल्यावर दुसऱ्या वर्षी मी पियाजिओची सेकंडहँड एमपी३ स्कूटर घेतली आणि मोठ्या कौतुकाने आईला फोटो पाठवला, तर तिचा पहिला प्रश्न, "एवढ्या लांब जाऊन रिक्षा घेतलीस होय रे?" तिचं काही चुकलं नाही म्हणा, आम्ही बारामतीकडचे, तिथे पियाजिओ म्हटलं की डोळ्यासमोर आपे रिक्षाच येते, कारखानाच तिथे आहे. पण ही भानगड वेगळी आहे. पुढे दोन चाकं, मागे एक, आणि वळणावर पुढची दोन्ही चाकं स्कूटरसारखी झुकतात. २००६ साली इटलीत पोंतेदेराच्या कंपनीने ती आणली आणि पॅरिसच्या लोकांनी अक्षरशः डोक्यावर घेतली. त्याचं एक कारण लायसन्स. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर ४६० मिलिमीटर किंवा जास्त असलं की कागदोपत्री ती मोटरसायकल राहत नाही, तीनचाकी होते, आणि एलटी मॉडेलमध्ये ते ४६५ आहे, म्हणजे कारचं लायसन्स आणि ७ तासांचं ट्रेनिंग एवढ्यावर मोठं इंजिन चालवता येतं. त्यामुळे इकडे नवीन आलेले आपले बरेच लोक जुनी एमपी३ घेतात आणि पहिल्या हिवाळ्यात डॅशबोर्डवर दिवा लागला, बीप बीप सुरू झालं की घाबरतात. मीही घाबरलो होतो, म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. साध्या स्कूटरला जी वायरिंग असते ती सगळी हिला आहेच, वर एक टिल्ट लॉक आहे. सिग्नलला थांबताना वेग अगदी कमी झाला, थ्रॉटल सोडला की उजव्या हाताशी असलेलं बटण सरकवायचं, एक छोटी मोटर पंप चालवते, हायड्रॉलिक प्रेशरने झुकणारी यंत्रणा जाम होते आणि पाय न टेकता गाडी उभी राहते. निघताना थ्रॉटल दिला की आपोआप सुटते. हे सगळं करायला एक वेगळा कॉम्प्युटर आहे, तो वेग बघतो, थ्रॉटल बघतो, सीटवर माणूस बसलाय का तेही बघतो. आता झालंय असं की हा कॉम्प्युटर भलता नाजूक मनाचा आहे. व्होल्टेज जरा घसरलं की हेडलाइट कुरकुर करत नाही, हॉर्न वाजतो, इंजिनसुद्धा चालू होतं, पण हा बाबा मात्र लगेच दिवा लावून बीप मारत बसतो. त्यामुळे माणसाला वाटतं टिल्ट बिघडलं. बहुतेक वेळा टिल्ट ठीक असतं, आजार भलतीकडेच असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

माझंच सांगतो. नोव्हेंबर, सकाळी साडेसातचा अंधार, पाऊस, सिग्नलला लॉकचं बटण सरकवलं, दिवा लागला, बीप झाली, लॉक काही झालं नाही आणि २०० किलोच्या वरची गाडी हळूच माझ्या डाव्या पायावर कलायला लागली. कशीबशी सावरली. एका गॅरेजवाल्याने गाडीला हात न लावता सांगितलं, पंप गेला, चार आकडी युरो लागतील. मी हुशारी करून नवीन बॅटरी टाकली, दोन आठवडे सगळं छान, मग परत तेच. म्हणजे बॅटरीही खरी गुन्हेगार नव्हती, ती नुसती ताजी असल्यामुळे दोन आठवडे तिने ओढून नेलं. खरा चोर सापडला तो मल्टिमीटरने, २० मिनिटांत, आणि तो कुठे होता ते पुढे येईलच.

सामान फार लागत नाही. १५ ते २० युरोचा डिजिटल मल्टिमीटर, १० नंबरचा पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्क्स बिट (प्लास्टिक उघडायला), पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, थोडी व्हॅसलिन, इन्सुलेशन टेप. आणि गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल, त्यातला वायरिंगचा नकाशा प्रिंट काढून घ्या, मोबाईलवर झूम करकरून डोळे जातात. वायरींचे रंग आणि फ्यूज कुठे, कितीचा हे मॉडेलप्रमाणे बदलतं, २५० सीसीचं वाचून ५०० सीसीची उघडायला जाऊ नका.

काम करताना गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्या. लॉकवर टाकून तिच्याखाली हात घालायचा नाही, फॉल्टच लॉकचा आहे ना, मग त्याच्यावर भरवसा कसा ठेवता? आणि नवीन लोकांची एक चूक बघतो मी, लॉक म्हणजे पार्किंग ब्रेक नव्हे. लॉकने गाडी फक्त झुकायची थांबते, पुढेमागे चाकांवर ती बिनधास्त घरंगळते. पार्किंग ब्रेकचा लिव्हर वेगळा आहे, तो ओढायचा.

पहिलं काम, काहीही उघडायच्या आधी नुसतं बघायचं आणि वहीत लिहायचं. चावी फिरवली की डॅशवरचे दिवे क्षणभर लागतात, गाडी स्वतःची तपासणी करत असते, ती पूर्ण होऊ द्या, घाईघाईत सेल्फ मारू नका. मग सेल्फ मारल्यावर काय होतं? काहीच आवाज नाही, की एकच टक्, की किटकिटकिट? किटकिट म्हणजे बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे, रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच) ओढतो, व्होल्टेज पडतं, रिले सुटतो, परत ओढतो, तो आवाज. एकच दमदार टक् आणि पुढे शांतता असेल तर रिले काम करतोय पण करंट मोटरपर्यंत जात नाही किंवा मोटर अडकलीय. अजिबात आवाज नाही तर आधी किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण, बघा (हसू नका, मी एकदा भर पावसात १० मिनिटं घालवलीत त्यात) आणि मग ब्रेक दाबून मागचा लाल दिवा लागतोय का बघा. ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, म्हणजे ब्रेकचा स्विच खराब असेल तर ब्रेक लाइटही नाही आणि सेल्फही नाही. दोन्ही लिव्हरने वेगवेगळं करून बघा, एकाने होत असेल आणि दुसऱ्याने नाही तर फॉल्ट सापडलाच की, फुकटात.

आता मीटर. डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल प्रोब बॅटरीच्या प्लसला, काळा मायनसला, आणि प्रोब शिशाच्या खांबाला टेकवा, वरच्या बोल्टला नाही. रात्रभर उभ्या गाडीत १२.७ च्या आसपास हवं. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली. १२.० म्हणजे उतरलेलीच समजा. आत्ताच चालवून आणलेली गाडी मोजू नका, ती वरवरचं व्होल्टेज दाखवते, जेवणानंतर लगेच वजन केल्यासारखं. मग मीटर तसाच लावून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि आकडा किती खाली जातो ते बघा. १० च्या वर राहिला तर उत्तम, ९.५ च्या खाली गेला तर बॅटरी चार्ज करून परत बघा, चार्ज करूनही तेच तर ती निवृत्तीला आली. थंडीत हे आणखी वाईट होतं, म्हणून हे फॉल्ट पहिल्या गारठ्यात उगवतात.

बॅटरी काढायची असेल तर आधी मायनस सोडायचा, लावताना आधी प्लस. कारण साधं आहे, मायनस जोडलेला असताना प्लस सोडताना पाना चेसिसला लागला तर ठिणगी आणि बोटाला चटका. कारवरून जंप द्यायची वेळ आली तर कारचं इंजिन बंदच ठेवा.

बॅटरी बरी निघाली तर चार्जिंग. इंजिन चालू करून थोडं रेस द्या, बॅटरीवर १३.८ ते १४.५ च्या मध्ये दिसलं पाहिजे. १३ च्या खालीच रेंगाळत असेल तर बॅटरी चार्ज होत नाहीये, १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा डबा) गेलाय आणि बॅटरी उकळतेय, गाडी बंद करा. कमी येत असेल तर रेग्युलेटरला दोष द्यायच्या आधी स्टेटरकडून (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल) येणाऱ्या तीन वायरींचा कपलर, म्हणजे जोडणीचा प्लग, उघडा. तो काळपट किंवा वितळलेला दिसला तर तिथेच उत्तर आहे. चांगला असेल तर कपलर काढून, स्टेटरच्या बाजूने, एसी वर मीटर ठेवून दोन दोन वायरींमध्ये मोजा, तिन्ही जोड्यांत जवळपास सारखा आकडा यायला हवा आणि रेस दिल्यावर वाढायला हवा. एक जोडी मागे पडली तर स्टेटर. तिन्ही सारख्या तर रेग्युलेटर. यात आकडा चांगला मोठा येतो, उघड्या पिनांना हात लावू नका.

आता येतो तो भाग जो नवीन माणूस कधीच करत नाही आणि निम्मे भुताटकीचे फॉल्ट तिथेच असतात. अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत जायचा रस्ता. लोक काय करतात, मीटर कंटिन्युइटीवर (वायर सलग आहे का बघायच्या सेटिंगवर) ठेवतात, पी करून वाजला की म्हणतात वायर ओके. अहो, मीटर त्या वायरमधून अगदी किरकोळ करंट सोडतो, वायरची एक तार जरी शिल्लक असली तरी तो पी करणारच. नळाला पाणी येतंय का बघायला थेंब पुरतो, पण पाइप चेपलाय का ते बादली भरायला लावल्यावरच कळतं. म्हणून लोड असताना मोजायचं. काळा प्रोब बॅटरीच्या मायनस खांबावर, लाल प्रोब इंजिनच्या स्वच्छ धातूवर, आणि सेल्फ मारा. आदर्श शून्य, ०.२ किंवा ०.३ पर्यंत चालतं, त्याच्या वर म्हणजे मायनसच्या रस्त्यात कुठेतरी गंज बसलाय. मग लाल प्रोब फ्रेमवर, जिथे वायरींचे लग (टोकाच्या धातूच्या कड्या) एका बोल्टला एकत्र येतात तिथे, हेडलाइट चालू करा, आणि लॉकचं बटण सरकवा. परत आकडा बघा. असंच प्लसच्या बाजूने, बॅटरीचा प्लस आणि सेल्फ मोटरचा प्लस यांच्यात, तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत माफ.

माझ्या गाडीत इंजिनला ०.१ आलं, एकदम स्वच्छ, म्हणूनच सेल्फ मस्त लागत होता आणि मी फसलो होतो. फ्रेमवर मात्र लॉकचं बटण सरकवल्यावर ०.९. म्हणजे पंपाची मोटर ओढायला लागली की टिल्टच्या कॉम्प्युटरला जवळजवळ एक व्होल्ट कमी मिळत होता, तो बिचारा बीप मारणार नाही तर काय करणार. तो बोल्ट उघडला तर आधीच्या मालकाने गरम हँडलग्रिपची आणि कुठल्याशा अलार्मची अर्थ वायर त्याच बोल्टखाली कोंबलेली, लगांची चळत झालेली, खाली रंगही न खरवडलेला आणि वर हिरवा थर. सगळे लग काढले, पॉलिश पेपरने घासले, फ्रेमवरचा रंग तेवढ्यापुरता खरवडला, अलार्म कायमचा काढून टाकला, ग्रिपची वायर सरळ बॅटरीला फ्यूज लावून नेली, बोल्ट कसला, वरून व्हॅसलिन. परत मोजलं, ०.०४. खर्च शून्य. त्या चार आकडी युरोंची आठवण अजून येते.

इथून पुढे, ज्यांचा फॉल्ट अजून सापडला नाही त्यांच्यासाठी.

फ्यूज नुसता डोळ्याने बघून ठरवू नका, केसासारखी चीर दिसत नाही. फ्यूज जागेवरच ठेवून, चावी ऑन करून, त्याच्या पाठीवरच्या दोन्ही ठिपक्यांवर व्होल्टेज बघा, एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला शून्य म्हणजे उडालाय. नवीन टाकताना तितक्याच अँपिअरचा. १० चा उडतो म्हणून २० चा टाकणं म्हणजे घरात धूर झाला म्हणून नाकाला रुमाल बांधून झोपणं. सारखा उडत असेल तर फ्यूजच्या जागी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरी जोडून लावा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि फ्यूज काही वाया जात नाहीत. मग हार्नेस (वायरींचा गठ्ठा) थोडा थोडा हलवत जा, जिथे हलवल्यावर बल्ब मंद होतो तिथे वायर कुठेतरी घासलीय.

आणि या हलवण्याला या गाडीत खास अर्थ आहे. साध्या स्कूटरमध्ये पुढच्या वायरी हँडलबरोबर डावीउजवीकडे वाकतात, बस. हिच्यात त्या हँडलबरोबरही वळतात आणि झुकण्याबरोबरही वाकतात, दोन दिशांनी, प्रत्येक वळणावर, वर्षानुवर्षं. म्हणून फॉल्ट येतो जातो असा असेल, उजवीकडे वळतानाच येतो, खड्ड्यातच येतो, तर पुढचं प्लास्टिक उघडा, एकाला गाडी नीट धरायला सांगा, लॉक सोडून गाडी हळूहळू दोन्ही बाजूंना झुकवा, हँडल टोकापर्यंत फिरवा, आणि तुम्ही टॉर्च घेऊन वायरी कुठे ताणतात, कुठे घासतात ते बघा. इन्सुलेशन वरून शाबूत आणि आत तार तुटलेली असंही असतं, वायर हलक्या हाताने ओढली तर त्या जागी रबरासारखी लांबते. ती कापून सोल्डर करा, वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), आणि थोडी ढील ठेवून बांधा, नाहीतर पुढच्या वर्षी शेजारीच तुटेल.

टिल्टच्याच दिव्यावर यायचं झालं तर बॅटरी, चार्जिंग, अर्थिंग तिन्ही बरे असतील तेव्हाच खालच्या गोष्टी बघायच्या. सीटखालचा स्विच, जो तुम्ही बसलात हे सांगतो, त्याचा कपलर काढून साफ करा, सीटवर बसून उठून कंटिन्युइटी बदलते का बघा (इथे कंटिन्युइटी चालते, स्विच आहे तो). वेगाचा सेन्सर, म्हणजे स्पीडोमीटरचा काटा पण येडा झालाय आणि टिल्टचा दिवाही लागलाय अशी जोडी दिसली तर पहिला संशय त्याच्यावर, पुढच्या चाकाजवळ चिखल मीठ सगळं त्याच्या अंगावर येतं. थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात ना, ते कपलरमध्ये शिरलं की पिनांवर हिरवं पांढरं भरतं. स्प्रे मारा, वाळू द्या, खटकन आवाज येईपर्यंत परत दाबा. प्रेशर वॉशरने पुढचा भाग धुऊ नका, मी हात जोडून सांगतो.

एवढं करूनही दिवा गेला नाही तर थांबा. कॉम्प्युटरमध्ये फॉल्टचा कोड साठलेला असतो, तो वाचायला डायग्नॉस्टिक मशीन लागतं, ते वर्कशॉपमध्ये लावून घ्या आणि कोड लिहून मागा. हायड्रॉलिकच्या पाइपांना, पंपाला, ब्रेकला घरी हात लावायचा नाही. ते चुकलं तर गाडी वळणावर जाम होऊ शकते. आणि फॉल्ट असताना चालवायचीच वेळ आली तर लॉकचं बटण विसरून जा, सिग्नलला साध्या स्कूटरसारखे दोन्ही पाय टेका, जड लागते पण जमतं.

गाडी नुसती उभी राहून बॅटरी उतरत असेल तर करंटची चोरी शोधायची पद्धत वेगळी. चावी बंद, मायनस सोडा, मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून मायनस खांब आणि मायनस वायर यांच्या मध्ये जोडा. पाच दहा मिनिटं थांबा, कॉम्प्युटर झोपू दे. घड्याळ आणि इम्मोबिलायझर (गाडी चोरीला जाऊ नये म्हणूनची यंत्रणा) थोडे मिलीअँपिअर घेतात ते ठीक, पण ५० सलग दिसत असतील तर हिशोब करा, १२ अँपिअर अवरची बॅटरी १० दिवसांत कोरडी. एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा खाली येतो ती लाइन. बहुतेक वेळा आधीच्या मालकाचा ट्रॅकर, अलार्म नाहीतर यूएसबी चार्जर निघतो. आणि मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो, नशीब खराब असेल तर मीटरच.

दुकानात बोलायला थोडे शब्द. अर्थिंगला इकडे 'मास' म्हणतात, लगला 'कॉस', हार्नेसला 'फेसो', फ्यूजला 'फ्यूझिब्ल'. 'मास बघितलंय, व्होल्टेज ड्रॉप मोजलाय' एवढं तोडक्यामोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं, हातात आकडे लिहिलेली वही दिसली, की समोरच्याचा सूर बदलतो, अनुभव आहे. इन्शुरन्समध्ये 'डेपानाज झेरो किलोमेत्र' आहे का तेही आत्ताच बघून ठेवा, नाहीतर घरापासून ५० किलोमीटरच्या आत बंद पडली तर टोइंगचे पैसे तुमच्या खिशातून जाऊ शकतात. फोनवर तीन चाकं आहेत, पुढे दोन, हे आधी सांगा म्हणजे प्लॅटफॉर्मवाली गाडी पाठवतील. १५ एप्रिल २०२४ पासून दुचाकी तीनचाकींनाही फ्रान्समध्ये तांत्रिक तपासणी लागू झालीय, तिथे दिवे, ब्रेक लाइट, हॉर्न सगळं बघतात, त्यामुळे जुगाडू वायरिंग लपून राहणार नाही. माझ्या तपासणीत तो माणूस खाली वाकून अर्थिंगच्या बोल्टकडे बघत होता, व्हॅसलिन बघून विचारलं हे काय, म्हटलं आमच्याकडे असंच लावतात.